डेटाबेस कोणत्या फाइल सिस्टिमवर ठेवावा?

सांगलीतील एका पतसंस्थेच्या चिटणिसांनी परवा मला विचारले की, वीज अकस्मात गेली तर डेटाबेस शाबूत राहील काय; त्याचे उत्तर येथे नोंदवितो.

डेटाबेस प्रथम रोजकीर्द लिहितो, मग सावकाश खतावणी भरतो. ही रोजकीर्द, म्हणजे राइट-अहेड लॉग, प्रत्यक्ष डिस्कवर उतरल्याची हमी ‘एफसिंक’ या आज्ञेने मिळते, आणि ती आज्ञा जी फाइल सिस्टिम व जी डिस्क इमानाने पाळते, तीच विश्वसनीय.

लिनक्सवरील ईएक्सटी४ आणि एक्सएफएस दीर्घकाळ कसोटीस उतरल्या आहेत. मात्र त्यांचे जर्नल प्रामुख्याने रचनेचे रक्षण करते, मजकुराचे नव्हे.

झेडएफएस चेकसमने प्रत्येक खंड पडताळते आणि जुन्या मजकुरावर न लिहिता नव्या जागी लिहिते. परंतु तिला मेमरी अधिक लागते, शिवाय पोस्टग्रेसक्यूएलचे पान ८ केबीचे व तिचा मूळ रेकॉर्ड १२८ केबीपर्यंतचा असल्याने तो लहान करणे बहुधा हितावह ठरते.

तथापि सांगलीतील २०१९ च्या महापुरापासून कोणतीही फाइल सिस्टिम यंत्र वाचवू शकली नसती. म्हणून सांगलीच्या दफ्तराची एक प्रत साताऱ्यास अवश्य ठेवावी, आणि ती पुन्हा उभी करून वेळोवेळी तपासावी.