नातवंडांच्या वहीतला हिवाळा

शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका जिल्हा परिषद शाळेत दरवर्षी डिसेंबरात मी मुलांची आरोग्य तपासणी करावयास जातो. हिवाळ्यात तेथील परिपाठ वर्गात होत नाही. गुरुजी मुलांना पटांगणाच्या पूर्वेकडील उन्हात बसवतात आणि झाडाची सावली सरकत जवळ आली की अख्खी रांग हळूच पुढे सरकते. प्रतिज्ञा म्हणताना मुलांच्या तोंडून वाफ निघते आणि पुढे धरलेल्या हाताची बोटे गारठ्याने नीट सरळ होत नाहीत.

गेल्या वर्षी दात, डोळे, वजन असे सारे पाहून झाल्यावर थोडा वेळ उरला. गुरुजींनी तिसरी-चौथीच्या मुलांच्या निबंधाच्या वह्या माझ्यापुढे ठेवल्या. विषय होता, ‘माझा हिवाळ्यातील दिवस’. सहज चाळाव्यात म्हणून घेतलेल्या त्या वह्या मी दुपारच्या खिचडीची घंटा होईपर्यंत वाचत बसलो. वैद्यकीय व्यवसायाच्या सत्तावीस वर्षांत वृद्धांच्या हिवाळ्याविषयी इतके नेमके लेखन माझ्या वाचनात आले नव्हते.

वह्यांमध्ये काय होते

निम्म्याहून अधिक मजकूर अपेक्षित असाच होता. शनिवारच्या सकाळच्या शाळेला अंधारात उठावे लागते. हंड्यातले पाणी तापेपर्यंत चुलीपुढे बसावयास मिळते. भात कापलेल्या शेतातून जाताना दवाने पाय भिजतात. शाळेत पेन्सिल धरता येत नाही, म्हणून पहिल्या तासाचे अक्षर वाकडे येते आणि त्याबद्दल बाई रागावत नाहीत. खिचडीची ताटली दोन्ही हातांत धरली की फार बरे वाटते. वाटेत बोरे, चिंचा आणि वालाच्या शेंगा मिळतात. पौष पौर्णिमेला म्हसे येथे म्हसोबाची यात्रा भरते. तेथे बैलांचा व घोंगड्यांचा मोठा बाजार असतो आणि त्या दिवसांत वर्गात निम्मीच मुले असतात, हेही एकाने प्रामाणिकपणे लिहिले होते.

परंतु जवळजवळ प्रत्येक वहीत आजी किंवा आजोबा होते. थंडी सुरू झाली की आजी माझ्या आधी उठत नाही, असे एका मुलीने लिहिले होते. एकाचे आजोबा पहाटे खोकतात, म्हणून त्याला गजर लावावा लागत नाही. एकीची आजी हल्ली सुईत दोरा ओवण्यासाठी तिलाच हाक मारते. एकाचे आजोबा दिवसभर ओट्यावर ऊन शोधत जागा बदलतात. मात्र रात्री उठावे लागते म्हणून संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत.

त्या बालकांच्या दृष्टीने ही केवळ घरातली माहिती होती. मी मात्र ती वाचताना मनात एकेक नोंद करीत होतो. उशिरा उठणे आणि सुस्ती, धुराने जडलेला छातीचा विकार, वाढत चाललेला मोतीबिंदू, कमी पाणी आणि त्यामुळे होणारा बद्धकोष्ठ. माझ्यासमोर बसलेला रुग्ण यातले बहुधा काहीच सांगत नाही. ‘म्हातारपण आहे, चालायचेच’ एवढे बोलून तो गप्प बसतो. सून शेतावर असते, मुलगा कामानिमित्त कल्याण-भिवंडीकडे असतो. वृद्धांच्या दिवसाचा खरा साक्षीदार असतो तो शाळेतून लवकर घरी येणारा नातू.

मी न ऐकलेले वाक्य

ही गोष्ट मला फार पूर्वी कळावयास हवी होती. सात-आठ वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली घटना आहे. शनिवारची दुपार होती आणि दवाखान्यात गर्दी होती. सत्तरीच्या एक आजी खोकल्यासाठी आल्या. त्यांना जुना मधुमेह होता. सोबत सकाळच्या शाळेच्या गणवेशातच आलेला, दुसरीत शिकणारा नातू होता. मी छाती तपासत असताना त्याने दोनदा मला सांगण्याचा प्रयत्न केला, “आजी शेकोटीत पाय घालते, तिला भाजत नाही.” मी त्याला म्हणालो, “बाळ, मोठी माणसे बोलत असताना मध्ये बोलू नये.” तो गप्प झाला. मी खोकल्याचे औषध लिहून दिले.

नऊ दिवसांनी त्यांना पुन्हा आणले तेव्हा तळपायावर मोठी जखम होती, तिच्यात पू झाला होता आणि साखर बेसुमार वाढली होती. त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागले. पाय वाचला, परंतु दोन बोटे काढावी लागली.

दीर्घकाळ मधुमेह असलेल्या अनेक रुग्णांच्या पायांची संवेदना मंदावते. विस्तवाची ऊब त्यांना उशिरा जाणवते, चटका तर कधी कधी जाणवतच नाही. हे मी पुस्तकात शिकलो होतो आणि इतरांना सांगतही होतो. त्या मुलाने मला निदानच सांगितले होते. मी मात्र त्याला शिष्टाचार शिकवत बसलो. त्या दिवसानंतर माझ्या दवाखान्यात वृद्धांसोबत आलेल्या मुलाला मी आधी प्रश्न विचारतो आणि मधुमेही रुग्णाच्या चपला काढून पाय पाहिल्याशिवाय त्यांना जाऊ देत नाही.

थंडीत वृद्धांच्या शरीरात काय घडते

थंडी पडली की त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, जेणेकरून आतली ऊब बाहेर जाऊ नये. परिणामी रक्तदाब वाढतो. उन्हाळ्यात नियंत्रणात असलेला रक्तदाब त्याच गोळीवर डिसेंबर-जानेवारीत वर गेल्याचे अनेकदा आढळते. हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोकाही या दिवसांत अधिक असतो. वयोमानाने तहान मुळातच मंद झालेली असते, थंडीत ती आणखी कमी होते. शरीराची ऊब टिकवण्याची शक्ती घटलेली असते आणि थंडी वाजत असल्याची जाणीवही बोथट होते.

आपल्या तालुक्यांत यात धुराची भर पडते. चुलीचा धूर, कोंदट खोली आणि थंडीमुळे बंद केलेली खिडकी हे तिन्ही एकत्र आले की दम्याच्या रुग्णाची रात्र कठीण जाते. सर्वांत घातक म्हणजे दार-खिडक्या लावून जळत्या निखाऱ्यांची शेगडी खोलीत ठेवून झोपणे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग असतो, ना वास. झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही.

ज्या घरात फक्त दोघेच उरतात

दिवाळीनंतर भाताची कामे आटोपली की शहापूर-मुरबाडच्या वाड्या-पाड्यांतली पुष्कळ कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. काही मुले आईवडिलांबरोबर जातात आणि त्यांची शाळा तुटते. शाळा बुडू नये म्हणून काही मुलांना आजी-आजोबांपाशी ठेवले जाते. पावसाळा जवळ येईपर्यंत त्या घरात एक म्हातारे माणूस आणि एक शाळकरी मूल एवढेच असतात. कोण कोणाला सांभाळते, हे सांगणे अवघड असते. मी वाचलेल्या वह्यांपैकी एकीत असेच घर होते. शाळेतून आल्यावर आजी चुलीपाशी दिसली की बरे वाटते आणि नाही दिसली की आधी आत जाऊन ती श्वास घेते का ते पाहतो, असे त्या मुलाने लिहिले होते. गुरुजींनी त्या ओळीखाली तांबडी रेघ मारली नव्हती, फक्त बाजूला बारीक अक्षरात ‘पाहिले’ असे लिहिले होते. पुढच्याच आठवड्यात गुरुजी, आशाताई आणि मी असे तिघे त्या घरी जाऊन आलो. आजींचा रक्तदाब वाढलेला होता आणि गोळ्या संपून महिना झाला होता. आता शेजारच्या घरातील एक काकू सकाळ-संध्याकाळ डोकावतात आणि गोळ्या आशाताई आणून देतात. त्या मुलाला आम्ही एकच सांगितले की, काळजी वाटली तर काकूंना हाक मारावयाची. बाकी सारे आमचे काम.

आजीही शाळेत गेली तर

याच मुरबाड तालुक्यातील फांगणे गावाने ८ मार्च २०१६ रोजी, जागतिक महिला दिनी, एक वेगळी शाळा सुरू केली. जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आणि मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या साहाय्याने सुरू झालेली ही ‘आजीबाईंची शाळा’. साठी ओलांडलेल्या, काही तर नव्वदीच्या आसपासच्या आजी गुलाबी साडीचा गणवेश नेसून, दप्तर घेऊन वर्गात येऊ लागल्या. वेळ ठरली दुपारी दोन ते चार, म्हणजे घरकाम आणि शेतीची कामे उरकल्यानंतरची. शिकवण्याचे काम गावातल्याच एका सुनेने स्वीकारले. बोट ठेवून वाचणे, पाटीवर मुळाक्षरे गिरवणे आणि अंगठ्याऐवजी सही करणे हे आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांच्या वाट्याला आले. घरी अभ्यास घेण्यास नातवंडे होतीच.

डॉक्टर म्हणून मला या शाळेचे मोल दोन कारणांनी वाटते. पहिले कारण साधे आहे. जिला आकडे ओळखता येतात, ती गोळीच्या पाकिटावरची मुदत पाहू शकते. सकाळची व रात्रीची गोळी केवळ रंगावरून ओळखण्याची वेळ तिच्यावर येत नाही. कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो आणि रंगावर विसंबलेली आजी चुकीची गोळी घेते, हे मी कितीदा पाहिले आहे. दुसरे कारण सोबतीचे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशविषयक आयोगाने २०२० च्या अहवालात टाळता येण्याजोगे १२ जोखीम घटक सांगितले. त्यांत उच्च रक्तदाब आणि मधुमेह यांच्याबरोबर बालपणीचे अपुरे शिक्षण आणि एकाकीपणाही आहे. साठीनंतर गिरवलेल्या अक्षरांनी गेलेले बालपण भरून निघते असा दावा मी करणार नाही. परंतु थंडीच्या दुपारी घरात एकटीने अंग चोरून बसण्यापेक्षा दहाजणींत बसून हसत पाटी पुसणे निःसंशय हितकारक आहे.

नातवंडांच्या नजरेचा उपयोग असा करावा

मुलांना भीती न घालता, खेळासारख्या पुढील गोष्टी पाहावयास शिकवाव्यात.

१. पाय. आंघोळीनंतर आजी-आजोबांच्या तळपायांकडे एकदा पाहावे. फोड, भेग, लालसरपणा दिसल्यास मोठ्यांना सांगावे. मधुमेही व्यक्तीने शेकोटीपासून दूर बसावे, पायात मोजे घालावेत. गरम पाण्याची पिशवी पायांशी ठेवू नये.

२. पाणी. तांब्या भरून जवळ ठेवावा आणि संध्याकाळपर्यंत तो किती वेळा रिकामा झाला ते मोजावे. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजूनच घ्यावयास सांगितले आहे, त्यांनी डॉक्टरांचा सल्ला पाळावा.

३. ऊन. पहाटेच्या गारठ्यात फिरावयास न जाता ऊन अंगावर आल्यावर जावे. जाताना कान आणि छाती झाकलेली असावी. नातवाने हात धरून सोबत करावी.

४. चेहरा, हात, बोलणे. हसताना तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात उचलता न येणे, बोलणे बोबडे होणे, यांपैकी काहीही अचानक दिसले तर तो पक्षाघात समजावा. ‘झोपून उठल्यावर बरे होईल’ म्हणून थांबू नये. मोठ्यांना ओरडून बोलवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि तत्पूर्वी सीटी स्कॅन आवश्यक असतो. आपल्या गावांतून तशा रुग्णालयापर्यंतचे अंतर पाहता प्रत्येक मिनिट मोलाचे आहे.

५. सुस्ती. नेहमी बोलकी असणारी आजी गुंगीत असेल, असंबद्ध बोलत असेल आणि तिचे पोटही हाताला गार लागत असेल, तर तिला कोरड्या उबदार पांघरुणात गुंडाळून तातडीने रुग्णालयात न्यावे.

६. शेगडी. झोपण्यापूर्वी शेगडी घराबाहेर गेली का, हे पाहण्याचे काम घरातल्या सर्वांत लहान मुलाकडे द्यावे. लहान मुले असा नियम मोठ्यांपेक्षा काटेकोरपणे पाळतात.

घरातील मोठ्यांनी मात्र मर्यादा ओळखावी. पाहणे आणि सांगणे एवढेच मुलाचे काम. औषध देणे, मात्रा ठरवणे, रात्री जागणे हे त्याच्यावर टाकू नये. त्याचा अभ्यास आणि खेळ यांतून वेळ काढून ही सेवा घेतली जाऊ नये. आणि त्याने काही सांगितले तर हातातले काम थांबवून ऐकावे. हिवाळा सुरू होताच एकदा रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. फ्लू व न्यूमोनियाच्या लसीबाबत आपल्या डॉक्टरांना विचारावे.

त्या आजी अजूनही माझ्याकडे येतात. नातू आता बराच उंच झाला आहे आणि माध्यमिक शाळेत जातो. गेल्या महिन्यात तो त्यांना घेऊन आला, तेव्हा मी विचारण्यापूर्वीच त्याने खाली बसून त्यांच्या चपला काढल्या आणि पाय माझ्या बाजूला वळवले. मी पाय पाहिले. जखम नव्हती, टाचेला थोडी भेग होती. “खोबरेल लावतो रोज,” तो म्हणाला. या वेळी मी त्याचे सगळे बोलणे संपेपर्यंत थांबलो.