बुऱ्हाणपूरचा भूमिगत 'प्रवाह' आणि कायदा
मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याचे पाणी जमिनीखालून वाहते. सातपुड्यातून तापीकडे झिरपणारे हे पाणी अडवून भुयारांतून शहरात आणण्याची व्यवस्था मुघल सरदार अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात, 1615 च्या सुमारास झाली. एकमेकींना भुयाराने जोडलेल्या विहिरींना येथे कुंड्या म्हणतात. मार्च 2024 मध्ये ही रचना युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली.

जलप्रदूषण कायदा, 1974 मधील 'प्रवाह' या शब्दाची व्याख्या इथे फार उपयोगी पडते. तिच्यात नदी येते, कोरडा पडलेला ओढा येतो आणि भूगर्भातले पाणीही येते. म्हणजे तापी, उतावळी या नद्या आणि कुंडीतले पाणी कायद्याच्या नजरेत एकाच पंगतीला. प्रवाहात किंवा विहिरीत विषारी वा प्रदूषक द्रव्य जाणूनबुजून सोडण्यास कलम 24 मनाई करते. रंगाई, धुलाईसारख्या उद्योगांचे सांडपाणी सोडण्याआधी कलम 25 नुसार राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. बुऱ्हाणपूरसारख्या यंत्रमागांच्या शहरात हे कलम कागदापुरते राहून चालत नाही.

गटारे, कचरा आणि पाणीपुरवठा महापालिकेकडे. भूजल उपशाचा लगाम मात्र जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती: मध्य प्रदेश पेयजल परिरक्षण अधिनियम, 1986 नुसार जलटंचाईग्रस्त क्षेत्र जाहीर झाले की परवानगीशिवाय नवी कूपनलिका खोदता येत नाही. कुंड्यांचा सगळा जीव भूजलपातळीवर असल्याने हा नियम त्यांच्या मुळाशी भिडतो.

नदीच्या पाण्याचा प्रश्न मात्र शहरापुरता उरत नाही: बुऱ्हाणपूर सोडून तापी महाराष्ट्रात शिरते आणि भुसावळजवळ हतनूर धरणात पोचते.