उंची नक्की कुणाची वाढते?

चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीला लिफ्ट किट बसवलं की ती जमिनीपासून उंच होते, असं सर्रास समजलं जातं. हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी पैसा जातो, कधी सुरक्षितताही जाते. मारुती सुझुकीच्या जिम्नीचं उदाहरण घेऊ. या गाडीला पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आहे, आणि प्रत्येक ॲक्सलवर डिफरन्शियलचा फुगीर डबा. दगडधोंड्यांतून जाताना आधी आपटतो तो हाच डबा. आता किटमधल्या लांब स्प्रिंगा काय करतात? त्या ॲक्सलवर उभ्या राहतात आणि चेसिस वर ढकलतात. ॲक्सल असतो तिथेच राहतो. ५० मिलिमीटरची लिफ्ट बसवली तरी डिफरन्शियल आणि दगड यांच्यातलं अंतर एका मिलिमीटरनेही वाढत नाही. ते वाढवणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे टायर. आणि टायरचाही व्यास जितका वाढतो त्याच्या निम्मंच अंतर वाढतं, कारण ॲक्सल चाकाच्या मध्यावर असतो. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५, म्हणजे व्यास सुमारे ६९३ मिलिमीटर. त्याजागी २३५/७५ आर १५ घातला तर व्यास होतो सुमारे ७३३. वाढ ४० मिलिमीटरची, ॲक्सल वर गेला २० मिलिमीटर. खर्चाचा आणि हौसेचा सगळा हिशेब या २० मिलिमीटरपासून सुरू व्हायला हवा. रोज डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या आणि महिन्यातून एखाद्या वेळी कच्च्या वाटेला लागणाऱ्या गाडीसाठी लिफ्टचं काम उंची देणं नाही, मोठ्या टायरला जागा करून देणं आहे. म्हणून आधी टायर ठरवायचा आणि मग त्याला पुरेल इतकीच, शक्य तितकी कमी लिफ्ट निवडायची. बाजारात क्रम नेमका उलटा लागतो: किट इंचांवर विकलं जातं आणि टायर त्यामागून येतो.

जागा करून देण्याचं काम तरी लिफ्ट करते का, हे नीट पाहण्यासारखं आहे. मोठा टायर दोन ठिकाणी घासतो. एक म्हणजे चाकावरची कमान आणि बंपरचा कोपरा, दुसरं म्हणजे आतल्या बाजूची सस्पेन्शनची दांडी किंवा चेसिस. २३५ चा टायर १९५ पेक्षा ४० मिलिमीटर रुंद आहे. रिमचा ऑफसेट, म्हणजे रिम किती आत किंवा बाहेर बसतो ते माप, तोच ठेवला तर त्यातले २० मिलिमीटर आत सरकतात, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर दांडीला भिडतो. इथे गाडी हातभर उंच केली तरी फरक पडणार नाही, कारण दांडी आणि चाक दोन्ही ॲक्सललाच जोडलेले आहेत. उपाय आहे वेगळ्या ऑफसेटचा रिम किंवा स्टिअरिंगचं वळण किंचित रोखणारा स्टॉपर. राहिली वरची कमान. उभ्या गाडीत लिफ्टमुळे तिथे ऐसपैस जागा दिसते. पण चाक खड्ड्यातून उसळून वर येतं, तेव्हा ते किती वर येणार हे स्प्रिंगची लांबी ठरवत नाही. ते ठरवतो बंप स्टॉप, म्हणजे चेसिसला लावलेला रबरी ठोकळा, ज्यावर ॲक्सल शेवटी टेकतो. नुसत्या स्प्रिंगा बदलल्या आणि बंप स्टॉप तोच ठेवला, तर जोरदार धक्क्याला चाक पूर्वीइतकंच वर येतं आणि आता मोठा असलेला टायर कमानीत घुसतो. टायर बसवून गाडी गॅरेजबाहेर काढली तेव्हा काहीच घासत नव्हतं आणि घाटातल्या पहिल्याच खड्ड्याला प्लॅस्टिकचं अस्तर फाटलं, याचं कारण बहुतेक वेळा इथे सापडतं. लांब बंप स्टॉप हा अख्ख्या किटमधला सगळ्यात स्वस्त भाग, आणि स्वस्त किटमधून नेमका तोच गाळलेला असतो.

उंचीची किंमत रस्त्यावर मोजावी लागते. गाडी उलटण्याचा धोका मोजण्यासाठी अमेरिकेची महामार्ग सुरक्षा संस्था एक साधा भागाकार वापरते: दोन चाकांमधल्या अंतराचा निम्मा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची. समजा चाकांमधलं अंतर १४०० मिलिमीटर आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७०० मिलिमीटरवर. उत्तर येतं १. याचा अर्थ असा की वळणावर बाजूला खेचणारा जोर गुरुत्वाकर्षणाइतका झाला, तर आतल्या बाजूची चाकं उचलली जातील. आता ५० मिलिमीटरची लिफ्ट आणि २० मिलिमीटर उंच करणारे टायर बसवा. चाकं आणि ॲक्सल वगळता बाकीची गाडी लिफ्टने वर गेली, टायरने सगळीच वर गेली. गुरुत्वमध्य साधारण ६० मिलिमीटर चढला असं धरलं, तर भागाकार ०.९२ वर उतरतो. आकडा किरकोळ वाटेल, पण तो डांबराच्या पकडीशी ताडून पाहायला हवा. कोरड्या डांबरावर टायरची पकड ढोबळमानाने ०.७ ते ०.९ असते. गाडी उलटण्याआधी घसरावी, ही चालकाच्या वाट्याला आलेली मोठी सवलत आहे, कारण घसरलेली गाडी सावरता येते. ती सवलत या दोन आकड्यांमधल्या अंतरात असते आणि लिफ्ट तेच अंतर खाते. शिवाय वळणावर गाडी कलते आणि टायर दबतो, तेव्हा प्रत्यक्षातला आकडा कागदावरच्यापेक्षा आणखी खाली जातो. हीच लिफ्ट २५ मिलिमीटरची केली तर आकडा ०.९५ च्या आसपास राहतो.

याहून रोज जाणवणारा परिणाम स्टिअरिंगवर होतो. सायकलचा पुढचा चिमटा थोडा मागे झुकलेला असतो, म्हणून हँडल सोडलं तरी चाक सरळ राहू पाहतं. गाडीतही चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो असाच मागे कललेला असतो. गॅरेजमध्ये त्याला कॅस्टर म्हणतात. जिम्नीत पुढचा ॲक्सल दोन दांड्यांनी चेसिसला जोडला आहे. चेसिस वर गेली की दांडीचं चेसिसकडचं टोक वर जातं आणि दांडीबरोबर ॲक्सलही फिरतो, कॅस्टर कमी होतो. दांडी ८०० मिलिमीटर लांब धरली तर ५० मिलिमीटर लिफ्टला जवळजवळ साडेतीन अंश जातात. मुळात कॅस्टर असतोच मोजक्या अंशांचा, त्यामुळे हे नुकसान मोठं आहे. महामार्गावर गाडी भरकटू लागते, वळणानंतर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही, आणि चालकाला वाटतं की नवे टायर खराब निघाले. यावर उपाय म्हणजे मध्यबिंदू सरकवलेले बुश किंवा दांडीचे नवे माउंट. हा खर्चही किटच्या किमतीत धरला पाहिजे. तसंच ॲक्सलला आडवा धरून ठेवणाऱ्या पॅनहार्ड रॉडचं: तो तिरपा होतो आणि ॲक्सलला किंचित एका बाजूला ओढतो. २५ मिलिमीटरच्या लिफ्टला हे दोन्ही बिघाड बऱ्याचदा अलाइनमेंटच्या मर्यादेत राहतात. ५० ला दुरुस्ती अटळ होते. त्याच्या पुढे प्रोपेलर शाफ्टचे कोन, ब्रेकच्या नळ्यांची लांबी असा एकेक खर्च रांगेत उभा राहतो. लिफ्टची किंमत इंचांच्या प्रमाणात वाढत नाही, ती पायरी-पायरीने उडी घेते.

मग कमी पैशांत काय घ्यावं? सर्वात स्वस्त असतो स्पेसर, म्हणजे मूळ स्प्रिंगवर ठेवायची चकती. स्प्रिंग तीच राहते, म्हणून गाडी कडक होत नाही, हा त्याचा खरा गुण आहे. दोष असा की शॉकॲब्सॉर्बरची लांबी तीच राहते. उभ्या गाडीतच तो जास्त ताणलेला असतो, आणि चाक खड्ड्यात उतरलं की त्याची लांबी लवकर संपते, आतून ठोका बसतो. २५ मिलिमीटरपर्यंत हे खपून जातं, पुढे नाही. थारसारख्या स्वतंत्र पुढच्या सस्पेन्शनच्या गाडीत स्पेसरचं गणितच निराळं आहे. तिथे स्प्रिंग आणि शॉक ज्या आडव्या दांडीवर टेकतात, ती चाकापर्यंत आणखी पुढे गेलेली असते. तरफेच्या नियमाने स्प्रिंगच्या जागी दिलेलं अंतर चाकाजवळ वाढून येतं. हे गुणोत्तर ०.६ धरलं तर वरच्या टोकाला लावलेली २५ मिलिमीटरची चकती चाकाशी ४० मिलिमीटरहून जास्त लिफ्ट देते, आणि चाकाला ताकद नेणाऱ्या शाफ्टचे सांधे तितके वाकतात. चकतीची जाडी म्हणजे लिफ्ट, असं धरून चालणाऱ्यांची फसगत इथे होते. जुन्या जिप्सीला पाटे आहेत. तिथे लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी कडी, लावण्याची पद्धत आहे, पण ५० मिलिमीटर लांब शॅकल २५ मिलिमीटरच उंची देतो, आणि पाट्याचं एकच टोक हलल्याने ॲक्सलही फिरवतो. चेसिस आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे ठेवणारी बॉडी लिफ्ट सस्पेन्शनला हात लावत नाही, हे तिच्या बाजूने म्हणता येईल. पण बॉडी चेसिसला धरून ठेवणारे बोल्ट हा अपघातातल्या सुरक्षिततेचा भाग आहे, आणि तिथे स्वस्त माल वापरणं मला मान्य होण्यासारखं नाही.

थोडा जास्त खर्च झेपत असेल तर २५ ते ४० मिलिमीटरचा, स्प्रिंगांशी जुळणारे शॉक असलेला संच हीच माझ्या मते शहाणपणाची निवड. त्यातही स्प्रिंगचा कडकपणा पाहावा, कारण विक्रेता उंचीबद्दल बोलतो आणि कडकपणाबद्दल गप्प राहतो. अनेक किटांच्या स्प्रिंगा लोखंडी बंपर, विंच आणि छतावरचं सामान गृहीत धरून बनवलेल्या असतात. रिकाम्या गाडीला त्या लावल्या तर गाडी सांगितल्यापेक्षा जास्त उंच उभी राहते, आणि खडबडीत डांबरावर चाक रस्ता सोडून उडू लागतं. हवेतलं चाक ब्रेकही लावत नाही आणि गाडी वळवतही नाही. मोठा टायर जड असतो, त्याला उसळू न देण्याचं काम शॉकचं आहे. म्हणून पैसे कमी असतील तर उंचीत काटकसर करावी, शॉकमध्ये करू नये.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. लिफ्टमुळे डिफरन्शियल उंच होत नसलं तरी गाडीचं पोट उंच होतं, आणि उंचवट्याच्या माथ्यावर ती अडकत नाही. हे अगदी खरं आहे. बांध ओलांडताना, खोल चाकोऱ्यांतून जाताना ५० मिलिमीटर कामाला येतात. पण ज्या गाडीचे बहुतेक किलोमीटर डांबरावर जातात, तिने वर्षातल्या काही तासांसाठी बाकीचे दिवस कमी स्थिर का राहावं? त्या काही तासांसाठी टायरमधली हवा कमी करणं हा उपाय जवळजवळ फुकट आहे. टायर जमिनीवर लांब पसरतो आणि पकड वाढते. डांबरावर येण्यापूर्वी हवा पुन्हा भरली की झालं. थारच्या कंपनीनेच दिलेल्या दोन टायर-मापांकडेही पाहावं: २४५/७५ आर १६ चा व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर, २५५/६५ आर १८ चा सुमारे ७८९. पंधरा मिलिमीटरचा फरक कोणतीही लिफ्ट न बसवता त्याच कमानीत मावतो.

दुसरा आक्षेप असा, की परदेशात याहून कितीतरी उंच गाड्या रस्त्यावर फिरतात. फिरतात, पण नियमांशिवाय नाही. ऑस्ट्रेलियाची वाहनबदलांची राष्ट्रीय संहिता अशा गाड्यांना मूळच्या सर्वात मोठ्या टायरपेक्षा ५० मिलिमीटरपर्यंत जास्त व्यासाचा टायर चालवून घेते. म्हणजे टायरमुळे मिळणारी वाढ २५ मिलिमीटरपर्यंत. आपल्याकडचा कायदा याहून कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. म्हणून किटची ऑर्डर देण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांना विचारणं हा खरेदीचाच भाग समजावा. परवानगी मिळत नसेल तर कंपनीने त्याच मॉडेलला दिलेल्या मापातला चांगला ऑल-टेरेन टायर घ्यावा. मिळणाऱ्या फायद्याचा मोठा हिस्सा तेवढ्यात पदरात पडतो.

एक गोष्ट गाडीच्या मालकापेक्षा समोरच्याची आहे. गाडी उंच झाली की तिचे दिवेही वर जातात, आणि मागच्या बाजूला सामान भरलं की त्यांचा झोत आणखी वर उचलला जातो. आपल्या रस्त्यांवर समोरून येणारा बहुधा दुचाकीवर असतो, बरेचदा पावसात, पाणी साचलेल्या काचेच्या हेल्मेटमधून पाहणारा. दिव्यांचा कोन खाली आणायला फारसा वेळ लागत नाही, तरी लिफ्टनंतर हे काम सर्वात जास्त विसरलं जातं. मोठ्या टायरने वेगमापकही फसतो. जिम्नीच्या उदाहरणात काटा तेच दाखवत असताना गाडी पूर्वीपेक्षा सुमारे ६ टक्के जास्त वेगाने जाते. ब्रेकचा तोच दाब रस्त्यावर तितकाच कमी जोर देतो आणि घाट उतरताना इंजिनचा रोधही तेवढाच घटतो. गिअर एक पायरी खाली ठेवून उतरण्याची सवय लावून घ्यावी लागते.

किट ठरवण्याआधीची चाचणी कोणत्याही गॅरेजात होऊ शकते. हव्या त्या मापाचा एक टायर उसना आणून पुढे लावायचा, गाडी चेसिसखाली भक्कम स्टँडवर ठेवायची, त्या बाजूची स्प्रिंग काढायची आणि जॅकने ॲक्सल बंप स्टॉपला टेकेपर्यंत उचलायचा. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं आणि टायर जिथे जिथे लागतो तिथे खडूने खूण करायची. कमानीवरची खूण लांब बंप स्टॉपने सुटते, बंपरच्या कोपऱ्यावरची थोडं प्लॅस्टिक कापून, दांडीवरची रिमच्या ऑफसेटने. त्यानंतर किती मिलिमीटरची लिफ्ट खरोखर लागते, ते त्या खुणांवरूनच मोजायचं.