मोजपट्टी कोणाच्या हाती?

तंजावर जिल्ह्याचे मुख्यालय तंजावरला, पण जिल्ह्याचे मुख्य शासकीय रुग्णालय मात्र चाळीसेक किलोमीटरवरच्या कुंभकोणमला. तंजावरला वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे मोठे रुग्णालय असल्यामुळे जिल्हा रुग्णालयाचा मान या देवळांच्या गावाकडे आला. गावाला लागूनच साक्कोट्टै येथे कॅथलिक धर्मभगिनींचे सेक्रेड हार्ट कुष्ठरोग केंद्र आहे, आणि बाजारपेठेच्या कोणत्याही गावात असतात तसे खासगी दवाखाने आणि नर्सिंग होम इथेही आहेत. म्हणजे सरकार, सेवाभावी संस्था आणि फीवर चालणारा खासगी व्यवसाय हे तिघे इथे शेजारी शेजारी नांदतात. ‘सार्वजनिक-खासगी भागीदारी’ हे शब्द निघाले की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एकाला त्यात खासगीकरणाचा चोरदरवाजा दिसतो, दुसऱ्याला सरकारी अनास्थेवरचा रामबाण उपाय. दोघेही खासगी भागीदार भला की बुरा हेच पाहत बसतात. माझ्या मते पाहायला हवे ते सरकारकडे. भागीदारी फळते की फसते, हे सरकारी बाजूच्या ताकदीवर ठरते: रुग्ण मोजण्याची ताकद, दर ठरवण्याची, काम तपासण्याची आणि वेळ आलीच तर ‘तुम्ही राहू द्या, आम्ही करतो’ असे म्हणण्याची.

तसे पाहिले तर या मुलखाला ही कल्पना नवी नाही. १७९९च्या तहाने तंजावरचा कारभार कंपनी सरकारकडे गेला, पण यात्रेकरूंच्या वाटेवरची छत्रे, म्हणजे धर्मशाळा, दुसऱ्या सरफोजीराजांनी आग्रहाने आपल्याकडे ठेवून घेतली. १८०१च्या एका पत्रात त्यांनी या छत्रांचे काम कंपनीच्या अधिकाऱ्याला समजावून सांगितले आहे. तिथे नुसते अन्नदान नव्हते. आजारी वाटसरूंसाठी वैद्य होते, बाळंतिणींची सोय होती, आईबाप गमावलेल्या मुलांना आसरा होता. खर्च भागे तो इनाम जमिनींच्या उत्पन्नातून. याच राजाच्या पदरी डोळ्यांच्या रोग्यांवर उपचार होत आणि त्यांची चित्रांसह टिपणे ठेवली जात. त्यातली काही तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. औदार्य दाखवणारे राजे पुष्कळ झाले. कोणाला काय झाले आणि उपचाराने काय साधले याची नोंद ठेवणारे फार थोडे.

स्वतंत्र भारतात या नोंदीच्या शिस्तीला खरे वळण मिळाले ते वर्ध्याला. १९५१ मध्ये गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झाले आणि डॉ. आर. व्ही. वर्देकर यांच्या नेतृत्वाखाली सेवाग्रामच्या आसपासच्या गावांत पाहणी, शिक्षण आणि उपचार अशी तिहेरी पद्धत आकाराला आली. त्याआधी कुष्ठरोग्याला गावाबाहेरच्या आश्रमात नेऊन ठेवणे हाच मार्ग मानला जाई. डॅप्सोन या औषधाच्या गोळ्या हाती आल्यावर आश्रमाची भिंत ओलांडणे शक्य झाले. पण त्यासाठी कोणीतरी घरोघर जाऊन माणसे उघड्या अंगाने, उजेडात तपासायला हवी होती. पाठीवरचा फिकट चट्टा रुग्णाला स्वतःला दिसत नाही आणि दुखतही नाही. १९५५ मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे ही पद्धत देशभर गेली. साधारण वीस-पंचवीस हजार वस्तीमागे एक निमवैद्यकीय कार्यकर्ता, त्याच्याकडे रुग्णांची पत्रके, आणि ज्या भागात एखादी मिशनरी किंवा सेवाभावी संस्था काम करायला तयार असेल तो भाग अनुदानासह तिच्याकडे. साक्कोट्टैसारखी केंद्रे या चौकटीत शोभण्याजोगी होती: त्वचेवर हात ठेवायला न बिचकणारी माणसे त्यांच्याकडे आधीपासूनच होती. १९८१ मध्ये देशात दर दहा हजार लोकांमागे सुमारे ५७ कुष्ठरुग्ण नोंदले होते. डिसेंबर २००५ मध्ये हे प्रमाण एकाच्या खाली आले. मोठे श्रेय १९८२ नंतरच्या बहुविध औषधोपचाराला आहेच (२००० पासून ही औषधे एक बहुराष्ट्रीय कंपनी जगभर फुकट पुरवते, हीसुद्धा एक भागीदारीच). पण गोळ्यांचे पाकीट रुग्णाच्या हातात पडण्याआधी तो रुग्ण सापडावा लागतो, आणि तो शोधण्याचे काम या जाळ्याने केले.

पुढे घडले ते माझ्या म्हणण्याला अधिक बळ देते. तामिळनाडूने १९९७ मध्येच कुष्ठरोगाचे काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन केले; नंतर देशभर तेच झाले. तत्त्व रास्त होते: कुष्ठरोग्याला वेगळ्या रांगेत का उभे करावे? पण घरोघरची पाहणी थांबली, ‘रुग्णाने स्वतः यावे’ असे धोरण झाले आणि संस्थांचे क्षेत्रकाम आक्रसले. २०१६ मध्ये केंद्र सरकारने निवडक जिल्ह्यांत पुन्हा घरोघर शोधमोहीम काढली, तेव्हा तीस हजारांहून अधिक नवे रुग्ण हाती लागले. आकडा खाली आला होता, त्यात मोजणे कमी झाल्याचाही वाटा होता. संस्था बाजूला झाल्या याचे मला फारसे दुःख नाही. त्यांच्याबरोबर मोजण्याची सवयही गेली, याचे आहे.

मोतीबिंदूची गोष्ट याहून यशस्वी आहे, आणि त्यामागचे कारण फार साधे आहे. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प राबवला गेला; महाराष्ट्र आणि तामिळनाडू दोन्ही त्यात होते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा अंधत्व नियंत्रण सोसायटी, आणि संस्थेला दर शस्त्रक्रियेमागे ठरावीक अनुदान. मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय १९७६ मध्ये सुरू झाले होते. त्याची पद्धत या व्यवस्थेत चपखल बसली. गावात शिबिर घ्यायचे, विजेरीने बुबुळ तपासून माणसे निवडायची, बसने रुग्णालयात न्यायची, शस्त्रक्रिया करून पुन्हा गावी सोडायचे. १९९२ पासून अरविंदच्याच ऑरोलॅबने डोळ्यात बसवायची भिंगे इथेच बनवायला सुरुवात केल्यावर आयात भिंगांच्या किमतीच्या मानाने ती कवडीमोल झाली. देशातले अंधत्वाचे प्रमाण १९८६–८९च्या पाहणीत १.४९ टक्के होते, २०१५–१९च्या पाहणीत ०.३६ टक्के; मध्यंतरी अंधत्वाची व्याख्या थोडी बदलली, हे लक्षात ठेवूनही घट मोठीच आहे. इथे भागीदारी जमली, कारण काम मोजता येण्याजोगे होते. डोळा उघडला, माणसाला बोटे मोजता आली, की फळ समोर दिसते. त्यात चलाखीला वाव कमी.

कमी म्हणजे मुळीच नाही असे नव्हे. २००८ मध्ये, याच भागापासून फार दूर नसलेल्या पेरंबलूरला शिबिरातून नेलेल्या साठहून अधिक गरीब माणसांची शस्त्रक्रियेनंतरच्या जंतुसंसर्गाने एका डोळ्याची दृष्टी गेली. किती शस्त्रक्रिया झाल्या एवढेच मोजले, आणि महिन्याभराने किती जणांना दिसते हे मोजले नाही, की असे घडायला वाट मोकळी राहते. गुजरातच्या चिरंजीवी योजनेचे दुखणेही याच जातीचे. २००५च्या अखेरीस सुरू झालेल्या या योजनेत गरीब स्त्रियांच्या बाळंतपणासाठी खासगी स्त्रीरोगतज्ज्ञांना शंभर बाळंतपणांमागे ठोक रक्कम मिळे. सिझेरियन वाढवून उपयोग नाही, अशी ती हुशार आखणी होती. सुरुवातीला तिचे फार कौतुक झाले, पण घरोघरच्या पाहणीवर आधारलेल्या नंतरच्या अभ्यासात असे दिसले की रुग्णालयातल्या बाळंतपणांची वाढ योजनेमुळे झाली असे म्हणता येत नाही. ती एरवीही होतच होती. योजनेचे स्वतःचे आकडे काही वेगळेच सांगत होते. छत्तीसगडमध्ये तर २०१२ मध्ये विम्याच्या पैशांसाठी गर्भाशये काढल्याचे प्रकरण उघड झाले. बिल तपासणारे होते. त्या बाईला त्या शस्त्रक्रियेची गरज होती का, हे तपासणारे नव्हते.

आता तामिळनाडूचा विमा पाहू. २००९ मध्ये करुणानिधींच्या, आणि जानेवारी २०१२ पासून नव्या रूपात जयललितांच्या सरकारने आणलेल्या योजनेत खासगी रुग्णालये आली, तशी सरकारी रुग्णालयेही आली. रुग्ण सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया करून घेतो तेव्हा दाव्याचे पैसे त्या रुग्णालयाला मिळतात. ही तरतूद कागदावर किरकोळ वाटते, पण तिच्यामुळे सौद्याची बाजू पालटते. खासगी रुग्णालय दर परवडत नाही म्हणून अडून बसले, तर रुग्णाला दुसरे दार आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार तामिळनाडूत खासगी रुग्णालयांतली सुमारे ६४ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली, सरकारी रुग्णालयांत ३६ टक्के. ३६ हाही आकडा समाधानाचा नाही. पण सरकारी दारच नसते तर तुलना कशाशी करणार? औषध खरेदीतही तामिळनाडूने हाच मार्ग धरला. १९९४ मध्ये स्थापलेले वैद्यकीय सेवा महामंडळ औषधे खासगी कंपन्यांकडूनच घेते, पण निविदा, गुणवत्ता चाचणी आणि गोदामे स्वतःच्या हाती ठेवते.

यावर एक आक्षेप उघड आहे: सरकार एवढे समर्थ असेल, तर खासगी भागीदार हवाच कशाला? तर्क बिनतोड वाटतो, पण लोक आधीच खासगीकडे गेले आहेत. क्षयरोगाचे पाहा. औषधविक्रीच्या आकड्यांवरून केलेल्या एका अंदाजानुसार २०१४ मध्ये भारतात खासगी डॉक्टरांकडे सुमारे २२ लाख रुग्णांना पुरतील एवढे उपचार झाले, म्हणजे सरकारी कार्यक्रमाच्या दुपटीच्या आसपास. त्यातले बहुतेक सरकारी नोंदीत नव्हतेच. मे २०१२ मध्ये नोंद सक्तीची झाली, तरी २०१३ मध्ये खासगीतून चाळीस हजारही नावे आली नाहीत. मुंबईत २०१४ पासून महापालिकेने मध्यस्थ संस्थेच्या मदतीने वेगळा मार्ग घेतला: डॉक्टरने नाव कळवायचे आणि रुग्णाला मोफत औषधाची पावती द्यायची. डॉक्टरचा रुग्ण जात नाही, रुग्णाचा पैसा जात नाही, सरकारला नाव कळते. अशा उपायांचा विस्तार झाल्यावर २०२३ मध्ये देशात खासगी क्षेत्रातून आठ लाखांवर नोंदी झाल्या. धाकाने जे दहा वर्षांत झाले नसते, ते सोयीने झाले. मात्र ती सोय उभी करायला महापालिकेकडे आधी क्षयरोग विभाग असावा लागला.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे आणि मी तो बराचसा मान्य करतो. भागीदारीच्या नावाखाली सरकार स्वतःचा खर्च टाळते. २०१७च्या आरोग्य धोरणाने २०२५पर्यंत सार्वजनिक आरोग्य खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले. २०२१–२२च्या लेख्यांत तो १.८४ टक्के आहे, तोही करोनाच्या काळात. जिल्हा रुग्णालयात डायलिसिस केंद्र खासगी संस्थेला चालवायला देताना जागा, वीज आणि पाणी सरकारने द्यायचे, यंत्रे आणि तंत्रज्ञ त्या संस्थेने आणायचे, ही २०१६च्या राष्ट्रीय योजनेची रचना चुकीची नाही. चूक होते ती त्या रुग्णालयात मूत्रपिंडविकार समजणारा एकही सरकारी डॉक्टर न नेमल्यावर. मग पाणी किती शुद्ध आहे, एक डायलायझर किती वेळा वापरला, हे विचारणारे कोणी उरत नाही, आणि भागीदाराचा ठेकेदार होतो.

म्हणून करारात दर आणि मुदत यांच्याआधी एक गोष्ट लिहिलेली असावी: रुग्णांची नोंद सरकारची. कुष्ठरोगातून बरा झालेला माणूस औषधे संपल्यावरही बधिर पायांनी चालत असतो. त्याला एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबराची मऊ चप्पल ठरावीक काळाने बदलून द्यावी लागते, जखम झाली तर मलमपट्टी करावी लागते, पाय रोज पाण्यात भिजवून तेल लावायला शिकवावे लागते. हे काम धर्मभगिनी करोत, प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिका करो की उद्या एखादी कंपनी करो. अनुदान बंद झाले, संस्था निघून गेली, करार दुसऱ्याला मिळाला, तरी त्या माणसाचे नाव, गाव आणि पायाचे माप जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात असले, तर पुढच्या वर्षीची चप्पल त्याच्यापर्यंत पोचेल.