ताटातील माप आणि शरीराचे वजन

पावसाळ्याच्या तोंडावर दिवसभर नांगर धरणारा शेतकरी दुपारी घरी परतला, की त्याच्यापुढे उकड्या तांदळाच्या भाताचा ढीग वाढला जाई. तो सारा भात संध्याकाळपर्यंत त्याच्या श्रमांत खर्ची पडे. आज त्याच घरातील मुलगा कचेरीत खुर्चीवर बसून काम करतो आणि बाजारापर्यंतचे अंतरही दुचाकीवरून कापतो. मात्र त्याच्या ताटातील भाताचा ढीग वडिलांच्या वेळचाच राहिला आहे. श्रम बदलले, माप बदलले नाही. गोमंतकातील अनेक कुटुंबांत वाढत्या वजनाचे एक प्रमुख कारण या विसंगतीत सापडते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली ठरविलेल्या प्रमाणानुसार, ६५ किलो वजनाच्या व अंगमेहनतीचे काम करणाऱ्या पुरुषास दररोज सुमारे ३,४७० उष्मांक लागतात. बैठे काम करणाऱ्यास २,११० पुरेसे होतात. ५५ किलो वजनाच्या स्त्रीच्या बाबतीत हेच आकडे अनुक्रमे २,७२० व १,६६० असे आहेत. म्हणजे पुरुषाच्या गरजेत १,३६० उष्मांकांचा फरक पडतो. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातातून साधारणपणे १३० उष्मांक मिळतात, हे ध्यानात घेतल्यास हा फरक जवळजवळ एक किलो भाताएवढा भरतो. जे उष्मांक खर्च होत नाहीत, ते शरीर चरबीच्या रूपाने साठवून ठेवते.

हा प्रश्न केवळ दिसण्याचा नव्हे. परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत गोव्यातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक, आढळून आले. संपूर्ण देशाचे प्रमाण ११.४ टक्के होते. या रोगाची कारणे अनेक आहेत. त्यांतील आनुवंशिकता आपल्या हाती नाही. ताट मात्र आपल्या हाती आहे. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरपेक्षा व स्त्रीचा ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असल्यास तो धोक्याचा इशारा समजावा.

माप कोठे धरावे?

वजन कमी करावयाचे म्हणजे उपाशी राहावयाचे, असा गैरसमज सर्वत्र दिसतो. चार दिवस उपाशी राहणारा माणूस पाचव्या दिवशी दुप्पट जेवतो. त्याऐवजी माप शिकावे, आणि ते पोट भरल्यावर नव्हे, तर तांदूळ धुण्यापूर्वीच धरावे. पातेल्यात जास्त शिजले की ते कोणाच्या तरी ताटात जातेच.

पहिला आठवडा काहीही कमी न करता केवळ मोजावे. एकच वाटी ठरवून आपण एका जेवणात किती वाट्या भात खातो, याची नोंद ठेवावी. पुष्कळांना आपला खरा आकडा पाहून आश्चर्य वाटेल. दुसऱ्या आठवड्यापासून त्यातील एक चतुर्थांश कमी करावा व ती जागा भाजी, कोशिंबीर आणि डाळ किंवा मासळी यांनी भरून काढावी. ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीने व्यापलेला असावा, पाव भाग भात किंवा पोळीने आणि उरलेला पाव डाळ, कडधान्य, अंडी वा मासळीने. पोट रिकामे राहत नाही, उष्मांक मात्र घटतात.

तेलाचे माप चमच्याने धरावे, बाटली थेट कढईत ओतू नये. पाच ग्रॅमच्या एका चमच्यात ४५ उष्मांक असतात. आपल्याकडे आमटीत व भाजीत खोबरेही सढळ हाताने पडते. शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सुमारे ३५० उष्मांक असतात, हे विसरू नये. कचेरीत दिवसाकाठी पाच कप चहा घेणाऱ्याच्या पोटात, कपास दोन चमचे साखर धरल्यास, २०० उष्मांक नकळत जातात.

आग्रह आणि उरलेले अन्न

खरी अडचण गणिताची नसून घरातील रीतीची आहे. पाहुण्याला आग्रह करणे हा आपला शिष्टाचार आहे. तो टिकवावा, पण दुसऱ्यांदा भात वाढण्याऐवजी कोशिंबीर पुढे करावी. भरल्या पोटाची जाणीव मेंदूस होण्यास पंधरा ते वीस मिनिटे लागतात. म्हणून सावकाश जेवावे आणि भाताचे पातेले पानाजवळ न ठेवता स्वयंपाकघरातच ठेवावे.

घरातील गृहिणी सर्वांच्या मागून जेवते आणि अन्न वाया जाऊ नये म्हणून उरलेले आपल्या पानात घेते. यामागील भावना थोर आहे. पण गरजेपेक्षा जास्त खाल्लेले अन्न सत्कारणी लागते, असे म्हणता येत नाही. मोजून शिजवल्यास उरण्याचा प्रश्नच कमी होतो. तरीही उरल्यास ते झाकून थंड जागी ठेवावे व लवकर वापरावे.

ही शिकवण नवीन नाही. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथात पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नासाठी, एक द्रवासाठी व चौथा मोकळा ठेवण्यास सांगितले आहे. पानाच्या डाव्या बाजूस चटणी-लोणचे थोडेसेच वाढण्याच्या आपल्या पद्धतीतही मापाचेच भान आहे.

सावधगिरी

वाढत्या वयाची मुले, गरोदर व स्तनदा माता, तसेच अंगमेहनत करणारे व मुळातच कृश असलेले मजूर यांचे अन्न कमी करू नये. मधुमेहाची औषधे वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांच्या सल्ल्यानेच बदल करावा. आठवड्यास सुमारे अर्धा किलो वजन उतरणे पुरेसे आहे. त्याहून घाई हितावह नाही.

शिक्षकांनी वर्गात विद्यार्थ्यांकडून घरातील एका दिवसाच्या तेल-साखरेचे माप लिहवून घेतल्यास गणिताबरोबर आरोग्याचाही पाठ होईल. कुटुंबाच्या आरोग्याची सुरुवात दवाखान्याच्या दारात नव्हे, तर तांदळाच्या डब्यातील मापट्यापासून होते. ते मापटे आज रात्रीच्या स्वयंपाकापूर्वीच हाती घ्यावे.