रिकामं खोकं रद्दीत द्यायचं की जपून ठेवायचं? कलेक्टर्ससाठी पॅकिंग एवढं मोलाचं का असतं?

जुलै २०२३ मध्ये अमेरिकेत एका आयफोनचा लिलाव झाला. फोन २००७ सालचा, म्हणजे ॲपलचा पहिलाच आयफोन. स्टोरेज फक्त ४ जीबी. बाजारात आला तेव्हा त्याची किंमत ४९९ डॉलर होती. लिलावात तो १ लाख ९० हजार डॉलरपेक्षा जास्त किमतीला गेला. तेव्हाच्या हिशेबाने साधारण दीड कोटी रुपये.

हा फोन चालू होतो की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. कारण त्याचं पॅकिंग कधी फोडलंच नव्हतं. तपासायचं तर सील तोडावं लागणार आणि सील तोडलं की किंमत कोसळणार.

अशी बातमी व्हायरल झाली की अनेकांचं लक्ष घरातल्या माळ्याकडे जातं. मुलाच्या हॉट व्हील्स गाड्यांची कार्डं फेकली ते चुकलं का? लेगोचे मोठे खोके ठेवायचे का? जुन्या रेकॉर्डवरचं प्लास्टिक काढायचं का? वन बीएचकेमध्ये राहणाऱ्यांसाठी हा जागेचाही प्रश्न आहे. त्यामुळे पॅकिंगला किंमत नेमकी कशामुळे येते, हे आधी समजून घेऊ.

खोक्याला किंमत येते कशी?

पहिलं कारण साधं आहे. वस्तू लोक ठेवतात आणि खोकं फेकतात. त्यामुळे ३०-४० वर्षांनी खेळणी बरीच उरतात, पण त्यांचे खोके फार थोडे उरतात.

पुस्तकांच्या दुनियेत याचं प्रसिद्ध उदाहरण आहे. एफ. स्कॉट फिट्झगेराल्ड यांची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही कादंबरी १९२५ मध्ये आली. त्या काळात पुस्तकावरचं कागदी वेष्टन, म्हणजे डस्ट जॅकेट, लोक सर्रास काढून टाकायचे. आज पहिल्या आवृत्तीची नुसती प्रत काही हजार डॉलरला मिळते. तेच पुस्तक मूळ जॅकेटसह चांगल्या स्थितीत असेल, तर किंमत लाख डॉलरच्या पुढे जाते. आतला मजकूर तोच, फरक फक्त एका कागदाचा.

आयफोनच्या बाबतीतही हेच झालं. ४ जीबीचं मॉडेल ॲपलने सप्टेंबर २००७ मध्येच बंद केलं, म्हणजे बाजारात आल्यावर जेमतेम दोन-अडीच महिन्यांत. मुळात विकले गेले कमी आणि फोन घेऊन तो न उघडणारे तर त्याहून कमी.

खोकं पुरावा कसं ठरतं?

दुसरं कारण आहे अस्सलपणा. इथे ‘स्टार वॉर्स’च्या खेळण्यांचा किस्सा उपयोगी पडतो.

१९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ सिनेमा एवढा चालेल, असं खेळणी बनवणाऱ्या केनर कंपनीला वाटलं नव्हतं. ख्रिसमसपर्यंत बाहुल्या तयारच झाल्या नाहीत. मग केनरने दुकानात चक्क खेळणी नसलेलं पाकीट विकलं. आत होतं पुठ्ठ्याचं चित्र आणि एक सर्टिफिकेट. ते पोस्टाने पाठवायचं आणि १९७८ मध्ये चार बाहुल्या घरपोच मिळवायच्या. आज ते पाकीटसुद्धा संग्राहक शोधत असतात.

याच मालिकेत जावा नावाचं एक छोटं पात्र आहे. सुरुवातीला त्याला प्लास्टिकचा झगा होता. थोड्याच काळात केनरने तो बदलून कापडी झगा दिला. त्यामुळे प्लास्टिकच्या झग्यातला जावा दुर्मिळ झाला आणि नकली झगे बाजारात आले. काहींनी तर दुसऱ्या पात्राचा झगा कापून जावाला घातला. सुटा जावा हातात आला, तर झगा खरा की खोटा हे ओळखायला जाणकार लागतो. तोच जावा मूळ कार्डावर, न उघडलेल्या प्लास्टिकमागे असेल, तर शंकेला फारशी जागा उरत नाही.

म्हणजे पॅकिंग वस्तूबद्दल साक्ष देतं. कुठल्या वर्षी बनली, कुठे बनली, आत काय काय होतं, हे सगळं त्यावर छापलेलं असतं.

भारतातल्या खेळण्यांचं काय?

भारतात एमआरएफ आणि अमेरिकेतल्या हॅसब्रो कंपनीने मिळून १९८७ मध्ये फनस्कूल सुरू केली. तिचा एक कारखाना गोव्यात आहे. फनस्कूलने ‘जी. आय. जो’चे सैनिक हॅसब्रोच्या साच्यांतून बनवले, पण अनेकांचे रंग अमेरिकेतल्या सैनिकांपेक्षा वेगळे होते. ज्यांच्या लहानपणी घरोघरी हे सैनिक होते, त्यांना त्यात विशेष वाटणार नाही. पण परदेशातले संग्राहक हे ‘भारतीय रंगाचे’ सैनिक आवर्जून शोधतात. ते मूळ कार्डावर असतील, तर भारतातच बनल्याचा पुरावा सोबतच मिळतो.

सध्या आपल्याकडे सगळ्यात मोठी चर्चा असते ती हॉट व्हील्सची. फेसबुक आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘कार्डेड’ आणि ‘लूज’ असे दोन दर चालतात. कार्डेड म्हणजे कार्डावर सीलबंद, लूज म्हणजे सुटी गाडी. ‘सुपर ट्रेझर हंट’सारख्या दुर्मिळ गाड्यांच्या बाबतीत हा फरक मोठा असतो. पण रोजच्या साध्या गाड्या लाखोंच्या संख्येने बनतात आणि हजारो लोक त्या कार्डासकट जपून ठेवतात. मग २० वर्षांनी त्या दुर्मिळ कशा होणार?

म्हणजे सगळेच जपायला लागले तर किंमत राहत नाही?

बऱ्याचदा नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेत ‘बीनी बेबीज’ या छोट्या बाहुल्यांचं वेड होतं. लोकांनी त्या पुढे महागतील म्हणून घेतल्या. कानाला लावलेला हृदयाच्या आकाराचा टॅग दुमडू नये म्हणून त्यावर प्लास्टिकची कव्हरं चढवली. दशक संपता संपता फुगा फुटला. आज टॅगसकट, चकचकीत स्थितीतल्या बीनी बेबीज ढिगाने मिळतात आणि बहुतेकींना काहीही भाव नाही.

व्हिडिओ गेमच्या बाजारातही असाच उधाणाचा काळ आला होता. जुलै २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ची एक सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला विकली गेली. नंतर या बाजाराचा जोर ओसरला.

याची दुसरी बाजूही आहे. मॉस्कोतल्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी १९८७ ते २०१५ या काळातल्या २,३२२ लेगो सेटच्या किमती तपासल्या. न उघडलेल्या सेटनी वर्षाला सरासरी किमान ११ टक्के परतावा दिल्याचं त्यांना दिसलं. पण ही सरासरी आहे. काही सेट कितीतरी पट महागले, तर काहींत तोटाही झाला. शिवाय इतकी वर्षं खोके सांभाळायला लागणारी जागा आणि लिलावाचं कमिशन हा खर्च वेगळाच.

आणि सगळ्यात महाग खेळण्यांना खोकं असतंच असंही नाही. ‘स्टार वॉर्स’मधल्या बोबा फेटच्या पाठीवरून रॉकेट सुटणारा एक नमुना केनरने बनवला होता. लहान मुलांच्या घशात रॉकेट अडकेल या भीतीने तो बाजारात आलाच नाही. त्यातला एक नमुना २०२४ मध्ये सव्वापाच लाख डॉलरला गेला. त्याला पॅकिंग नव्हतंच, कारण तो कधी दुकानात विकलाच गेला नाही.

पॅकिंगमुळेच वस्तू खराब होते, हे खरं आहे का?

हो, आणि हा मुद्दा अनेक जण विसरतात. दुकानातलं पॅकिंग बनवलेलं असतं ते वस्तू धडपणे ग्राहकापर्यंत पोहोचावी म्हणून. ५० वर्षं टिकवणं हा त्याचा हेतूच नसतो.

मऊ पीव्हीसी प्लास्टिकमध्ये ते लवचिक राहावं म्हणून काही रसायनं घातलेली असतात. कालांतराने ती बाहेर झिरपतात आणि प्लास्टिक चिकट होतं. नाण्यांच्या संग्राहकांना हे चांगलं माहीत आहे. पीव्हीसीच्या पाकिटात ठेवलेल्या नाण्यांवर हिरवट, चिकट थर चढतो. रेकॉर्डच्या बाबतीत पीव्हीसीच्या कव्हरमुळे तबकडीवर धुरकट डाग येऊ शकतात, तर वरचं घट्ट प्लास्टिक वर्षानुवर्षं ठेवलं आणि ते आकसलं, तर तबकडी वाकू शकते.

खोक्यातला फोम काही वर्षांनी भुगा होतो किंवा चिकटतो. खेळणं बांधायला वापरलेले रबरबँड वितळून डाग सोडतात. स्वस्त पुठ्ठ्यातलं आम्ल शेजारच्या कागदाला पिवळं करतं. सीलबंद फोनमधली बॅटरी न वापरताही जुनी होतच असते.

त्यात आपल्याकडचा पावसाळा. कोकणात, मुंबईत, गोव्यात जून ते सप्टेंबर हवेत एवढा ओलावा असतो की पुठ्ठ्याला बुरशी लागायला वेळ लागत नाही. कसर आणि वाळवीला तर पुठ्ठा आवडतोच. पत्र्याखालच्या माळ्यावर उन्हाळ्यात जी उष्णता होते, तिच्यात प्लास्टिक आणखी लवकर पिवळं पडतं.

मग ठेवायचं काय आणि फेकायचं काय?

आधी एकच ठरवा. वस्तू पुढे विकायची आहे, की वापरायची, मांडायची, खेळायची आहे?

- विकायचा विचार आहे आणि वस्तू खरंच मर्यादित संख्येत निघाली आहे: सील फोडू नका. बिल सोबत ठेवा. खोक्याच्या सगळ्या बाजूंचे फोटो काढून ठेवा.
- स्वतःसाठी घेतली आहे, पण पुढे विकूही शकता: बिनधास्त उघडा, पण खोकं, माहितीपत्रक आणि आतले पुठ्ठ्याचे साचे ठेवा. लेगोचे खोके काळजीपूर्वक उघडून सपाट करता येतात. दहा खोके कपाटामागच्या फटीत मावतात.
- साधी, सहज मिळणारी वस्तू आहे: खोकं रद्दीत गेलं तरी मोठं नुकसान नाही. मुलाच्या हातातली दीड-दोनशे रुपयांची गाडी कार्डात कोंडून ठेवण्यात काही अर्थ नाही.
- टांकसाळीची स्मारक नाणी: ती ज्या फोल्डरमध्ये येतात, ते नाण्यांसोबतच राहू द्या. सेट पूर्ण असल्याचं त्यावरूनच कळतं.

ठेवायचं ठरलं, तर वस्तूला चिकटलेले रबरबँड, फोम आणि मऊ पीव्हीसी आधी दूर करा. हे अर्थातच उघडलेल्या वस्तूंसाठी. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पाकिटं वापरा. सोबत सिलिका जेल ठेवा आणि ते दर पावसाळ्याआधी बदला. खोके भिंतीला टेकवून किंवा थेट जमिनीवर ठेवू नका. ऊन अजिबात लागू देऊ नका.

विकत घेताना काय पाहायचं?

पॅकिंगला भाव आला की पॅकिंगचीही नक्कल होते. रिकामे मूळ खोके वेगळे विकले जातात, हुबेहूब नवे छापलेही जातात. प्लास्टिक पुन्हा घट्ट चढवायचं मशीनही सहज मिळतं. त्यामुळे ‘सीलबंद’ या शब्दावर भरवसा ठेवून मोठी रक्कम देऊ नका. खोक्यावरची तारीख, कोड नंबर आणि आतली वस्तू एकमेकांशी जुळतात का ते पाहा. प्लास्टिकची शिवण मूळ वस्तूवर कुठे असते, हे अनुभवी संग्राहकाला विचारा.

आणि किंमत पाहताना विक्रेत्याने मागितलेला आकडा पाहू नका. ती वस्तू याआधी प्रत्यक्षात कितीला विकली गेली, ते शोधा. ईबेसारख्या साइटवर झालेल्या विक्रीचे आकडे वेगळे पाहता येतात. माळ्यावरचं खोकं ठेवायचं की नाही, हे ठरवायलाही तोच आकडा उपयोगी पडेल.