रसायनांची परीक्षा आणि हॅमस्टरचे जनुक

विषाचे दोन प्रकार कामगाराने ओळखले पाहिजेत. एक विष लगेच बोलते. डोळे चुरचुरतात, खोकला येतो, माणूस भोवळ येऊन पडतो. दुसरे विष पंधरा-वीस वर्षे तोंडच उघडत नाही. अमेरिकेत केंटकी राज्यातील लुइव्हिल येथे व्हिनाइल क्लोराइडपासून प्लॅस्टिक बनविणाऱ्या कारखान्यातील कामगारांना यकृताचा अत्यंत दुर्मीळ असा कर्करोग झाला. १९७४ साली ही गोष्ट जगापुढे आली, तोवर काही माणसे मरून गेली होती. अशा विषाची परीक्षा कामगाराच्या अंगावर व्हावयाची, की आधी दुसरीकडे? आमच्या मते हा प्रश्न प्रयोगशाळेचा आहे तितकाच कामगार चळवळीचाही आहे. म्हणूनच कॉलेजची पायरी न चढलेल्या आम्ही या विषयाची पुस्तके उघडली.

हे दुसरे विष पुष्कळदा पेशीला मारीत नाही, तिच्या जनुकातील मजकूर बदलते. अडचण अशी की, एखादे ठरावीक जनुक बिघडलेली पेशी लाखांत एखादीच सापडावयाची. ती निवडावयाची कशी?

१९६८ साली ओक रिज येथे अर्नेस्ट च्यू व हाइनरिख मॉलिंग यांनी चिनी हॅमस्टरच्या पेशींवर हे करून दाखविले. हॅमस्टर हा उंदराच्या कुळातला प्राणी. त्याच्या पेशीत गुणसूत्रे अवघी २२, आणि काचपात्रात त्या झपाट्याने वाढतात. या पेशींत एचपीआरटी नावाचे एक एन्झाइम असते. त्याला पेशीतला भंगारवालाच म्हणा ना! जुन्या, मोडलेल्या घटकांपैकी कामाचे तेवढे उचलून तो पुन्हा वापरात आणतो. हा भंगारवाला नसला तरी पात्रातल्या पेशीचे अडत नाही. ती नवा माल स्वतः घडविते.

आता पात्रात ६-थायोग्वानिन टाकावयाचे. हे भंगारासारखे दिसणारे विष आहे. (ते शोधणाऱ्या गर्ट्रूड एलियन बाईंना नोकरीपायी पीएच.डी. अर्धवट सोडावी लागली. १९८८ चे नोबेल मात्र त्यांना मिळाले. हे सांगताना आम्हांस विशेष आनंद होतो.) भंगारवाला जागेवर असेल तर तो हे विष उचलून आत आणतो आणि पेशी मरते. त्याचे जनुक बिघडलेले असेल तर विष वापरात येत नाही, पेशी जगते आणि वाढून तिचा डोळ्यांना दिसणारा ठिपका होतो. ठिपके मोजले की हिशेब झाला! इतर बहुतेक जनुकांची जोडी असते. एक निकामी झाले तरी बदली हजर. या जनुकाची मात्र एकच प्रत कामावर असते, म्हणून बिघाड झाकला जात नाही.

रसायन दिल्यावर लगेच मोजून मात्र चालत नाही. कारखान्याला टाळे लागले तरी गोदामातला माल काही दिवस पुरतो, तसे जनुक बिघडले तरी आधी तयार झालेले एन्झाइम शिल्लक राहते. ते संपावे म्हणून साधारण ७ ते ९ दिवस थांबतात. शिवाय रसायन न देताही दहा लाख पेशींत ५ ते २० बिघडलेल्या निघतात. त्यांच्याशी ताडून पाहावे लागते.

यकृताची गोष्ट तर फारच महत्त्वाची. व्हिनाइल क्लोराइड मुळात जनुकाला फारसे झोंबत नाही. यकृत त्याचे जे रूपांतर करते ते झोंबते. पात्रातल्या पेशींना यकृत कोठले? म्हणून उंदराच्या यकृताचा अर्क सोबत घालून परीक्षा दुसऱ्यांदा करतात. १९८४ साली ओईसीडी या संस्थेने ही पद्धत आपल्या नियमावलीत ४७६ व्या क्रमांकाने घेतली.

परीक्षेला मर्यादाही आहेत. गुणसूत्राचा मोठा तुकडाच गळाला तर शेजारची आवश्यक जनुकेही जातात, पेशी मरते आणि तो बिघाड मोजणीतून निसटतो. त्यासाठी वेगळ्या जनुकांवरच्या परीक्षा आहेत. शिवाय पात्रातली पेशी म्हणजे आठ तास पाळी करणारा माणूस नव्हे.

तेव्हा मालकाने ‘परीक्षा झाली, माल निर्धोक आहे’ असा कागद पुढे केला, तर प्रतिनिधीने तो हातात घेऊन विचारावे: यकृताचा अर्क घालून पाहिले काय? किती दिवस थांबलात? रसायनाची मात्रा कोठवर चढविली, आणि त्या मात्रेला शेकडा किती पेशी जगल्या? आणि दुसरी कोणती परीक्षा केली?